मुलाखतीआधी विचारून घ्या

मुलाखतीचं बोलावणं आलं की बरेच उमेदवार काही विचारायला कचरतात. आपण आगाऊ ठरू, अशी धास्ती असते. ती सोडावी. मुलाखत नेमकी कुठे, समोर कोण असेल, लेखी चाचणी आहे का, मूळ कागदपत्रं लागतील का, हे विचारणं रास्तच आहे. एकाच कंपनीचं ऑफिस हिंजवडीत आणि कारखाना चाकणला असू शकतो. चुकीच्या फाटकाशी पोहोचलात तर वेळ गाठणं अशक्यच.

ज्या ईमेलवरून बोलावणं आलं, त्यालाच उत्तर द्या. विषयात पद आणि तारीख लिहा, सगळे प्रश्न एकाच पत्रात मांडा. रोज एकेक शंका पाठवू नका. सुट्ट्या, बढती हे प्रत्यक्ष मुलाखतीसाठी ठेवा. पगाराचा अंदाज मात्र लांबून येणाऱ्याने आधी विचारावा; प्रवासाचा खर्च त्यालाच सोसायचा असतो.

दिव्यांग उमेदवारांनी रॅम्प, लेखनिक किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा असल्यास आवर्जून कळवावं. ही मेहेरबानीची याचना नव्हे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेवर समान संधी धोरण जाहीर करण्याची जबाबदारी टाकली आहे.

आणखी एक. उत्तरात 'नोंदणी शुल्क' किंवा 'अनामत' मागितली, तर एक रुपयाही भरू नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे खातरजमा करा. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.