लुगडे, बुरखा आणि अबाया

चाळीसगावात पीर मुसा कादरी बाबांचा उरूस भरतो. गावकरी त्यांना बामोशीबाबा म्हणतात, आणि उरुसाला हिंदू काय, मुसलमान काय, सारी पंचक्रोशी लोटते. त्या गर्दीतल्या मुसलमान बायकांचे कपडे नुसते पाहत उभे राहिले, तरी तीन पिढ्यांचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. खेड्यातली आजीबाई पातळाचा पदर डोक्यावरून घेऊन येते. तिच्या सुनेच्या अंगावर काळा बुरखा असतो. आणि नात अबायावर फिकट रंगाचा स्कार्फ टाचणीने नीट बसवून पाळण्यापाशी मैत्रिणींची वाट पाहत असते. तिघींनाही विचारले, तर आपण मर्यादेनेच वागतो असे त्या सांगतील.

आपणा शहरी वाचकांना मात्र मुसलमान स्त्रीचा पोशाख म्हटला की एकच वस्तू आठवते, ती म्हणजे काळा बुरखा. वास्तविक आपल्या खानदेशापुरते बोलायचे, तर तो बराच अलीकडचा पाहुणा आहे. येथील शेतकरी मुसलमानांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लुगडेच नेसत. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला पायघोळ झगा परवडणार कसा? सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरकडे राहणारे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान. पण त्यांच्या बायकाही परंपरेने लुगड्यातच वावरत आल्या. मौज अशी, की ही लुगडी विणणारे हातही पुष्कळदा मुसलमानच असत. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर मालेगावास येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्या मागांवरची रंगीत लुगडी गावोगावच्या बाजारांत जाऊ लागली. विणकराची बायको बुरख्यात आणि त्याने विणलेले लुगडे शेतकरणीच्या अंगावर, मग ती हिंदू असो वा मुसलमान, असा हा व्यवहार होता.

मी मराठीचा अध्यापक; तेव्हा दोन शब्दांपाशी थोडे थांबतो. ‘गोषा’ हा आपल्या कानांना परिचित शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ कोपरा. ‘पडदा’ही फारसीच. परंतु गोषा पाळणारी घराणी केवळ मुसलमानांची नव्हती; मराठा सरदार-देशमुखांच्या वाड्यांतूनही तो कडक असे. जिच्या हातांच्या मिळकतीवाचून घराचे अडत नाही, तीच कोपऱ्यात बसू शकते. म्हणजे गोषा हे धर्माइतकेच ऐपतीचे लक्षण होते. उलट कुराणात ‘हिजाब’ हा शब्द येतो तो आड किंवा पडदा या अर्थाने, पोशाख म्हणून नव्हे. पोशाखाविषयीची प्रसिद्ध आयत चोविसाव्या अध्यायात आहे; तीत स्त्रियांनी ओढणी छातीवरून घ्यावी असे सांगितले आहे. चेहरा झाकावा की नाही, यावर धर्मपंडितांत पूर्वापार मतभेद आहेत. मात्र त्याच्या लगेच आधीची आयत पुरुषांना उद्देशून असून, त्यांनी आपली नजर खाली ठेवावी, अशी तिची आज्ञा आहे. या पहिल्या आज्ञेचे स्मरण पुरुषमंडळींना क्वचितच होते!

बुरख्याच्याही तऱ्हा किती! जुना टोपीचा बुरखा म्हणजे डोक्यावर घट्ट टोपी, तिच्यापासून खाली सुटलेल्या चुण्या आणि डोळ्यांपुढे जाळी. मग दोन तुकड्यांचा काळा बुरखा आला: खाली कोटासारखा झगा, वर खांद्यांवरून उतरणारा भाग आणि हवा तेव्हा मागे टाकता येणारा नकाब. बोहरा स्त्रियांची तऱ्हा आणखी निराळी. मुंबईहून बऱ्हाणपूरच्या दर्ग्याला निघालेल्या बोहरा कुटुंबांच्या गाड्या आमच्या चाळीसगाव स्टेशनावरूनच जातात. खिडकीशी गुलाबी, पोपटी, आकाशी रंगांचे, लेस लावलेले ‘रिदा’ दिसतात. आणि १९७० नंतर आखाती देशांत नोकरीला गेलेल्या घरधन्यांच्या पेट्यांतून अबाया आला. निदा नावाचे हलके, न चुरगळणारे कापड, बाह्यांवर बारीक नक्षी, आणि त्यावर स्कार्फ. आता तो तालुक्याच्या दुकानांतही टांगलेला असतो.

मग यातला पुढारलेला पोशाख कोणता आणि मागासलेला कोणता? कापडावरून निकाल देऊ गेलो तर पंचाईत होते. भोपाळच्या सुलतानजहाँ बेगम १९११ साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेल्या त्या बुरख्यात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या त्याही पडदा पाळूनच. आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी तो आपण होऊन सोडला. इराणमध्ये १९३६ साली शहाने फर्मान काढून बायकांच्या डोक्यांवरची चादर उतरवली, तेव्हा कित्येकींनी घराबाहेर पडणेच बंद केले. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशात डोके झाकण्याची सक्ती झाली. आणि २०२२ साली महसा अमिनी ही तरुणी त्यापायी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. एकदा काढण्याची सक्ती, एकदा घालण्याची. बाईला मात्र दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

हा प्रश्न आपल्या दारातही आला आहे. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या हिजाबबंदीत हस्तक्षेप करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये नकार दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. कायद्याचा कीस वकील काढोत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्याला त्यामागची मुलगी दिसते. तिच्या आजीला शाळा नव्हती, आई चौथीत थांबली, आणि ही एस.टी.ने रोज वीस मैल येऊन पदवीला बसते आहे. ‘बुरखा घालून जाणार असशील तर जा,’ एवढ्या एका अटीवर तिला घरून परवानगी मिळालेली असते. त्या अटीचे कौतुक करावे असे मी म्हणणार नाही. काहीजणी आनंदाने, श्रद्धेने डोके झाकतात, काहीजणी भावाच्या धाकाने. पण फाटकाशीच तिला अडवले, तर भावाचा धाक कमी होत नाही. तिचे शिक्षण तेवढे थांबते.

खानदेशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो. तेव्हा स्कूटीवरून जाणाऱ्या आपल्या लेकीसुना डोळे सोडून सारा चेहरा ओढणीने गुंडाळून घेतात. त्यांना कोणी मागासलेल्या म्हणत नाही. कारण ओढणी बांधणे आणि सोडणे त्यांच्या हाती आहे, हे आपल्याला ठाऊक असते. मुसलमान मुलीसाठीही एवढेच मागावे. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा काढला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध, बुरख्याविरुद्ध नव्हे. बाईच्या आयुष्याचा निर्णय कोण घेतो, हा मूळ प्रश्न त्यांनी बरोबर हेरला होता. शिक्षण, मिळकत आणि कायद्याचा आधार तिच्या हाती येऊ द्या. मग पदर, अबाया की स्कार्फ, हे ती आपल्या आरशापुढे उभी राहून ठरवील; आणि तिने काहीही ठरवले तरी वर्गातली तिची जागा तिला मिळाली पाहिजे.