बाळाची नजर ठरत नाही तेव्हा

दोन्ही बुबुळे आपोआप, लयीत डावी-उजवीकडे हलत राहणे म्हणजे निस्टॅग्मस. जन्मजात प्रकार बहुधा पहिल्या ६ महिन्यांत लक्षात येतो.

कारणे : अल्बिनिझम, जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिपटलाचे आजार, काही कुटुंबांत एक्स गुणसूत्रावरच्या एफआरएमडी७ या जनुकातला बदल. काही मुलांत कारण सापडत नाही.

मुलाला जग हलताना दिसते का? सहसा नाही. मेंदू लहानपणापासूनच जुळवून घेतो. दृष्टी मात्र कमी असू शकते.

मान वाकडी का? एका ठरावीक दिशेला पाहताना डोळे सर्वांत कमी हलतात. मूल ती दिशा स्वतःच शोधते. म्हणून ‘मान सरळ कर’ असा धोशा लावू नये. पुस्तक नाकाशी धरणेही याच जातीचे : जवळ पाहताना हालचाल अनेकदा मंदावते.

घरात : चित्रे मोठी, ठळक रंगांची असावीत. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारी पट्टी लावावी. ऊन डोळ्यांवर येत असेल तर टोपी घालावी. थकवा, ताप, घाई यांनी हालचाल वाढते. अशा वेळी ‘हे बघ, ते बघ’ नको. बालवाडीत त्याच्या मानेच्या कलाप्रमाणे जागा मागावी.

उपचार : हालचाल पूर्ण थांबवणारा उपाय नाही. नंबर असल्यास तान्ह्या वयातही चष्मा देतात. मान फारच वळत असेल, तर डोळ्यांच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया करता येते.

तातडीने दाखवा : हालचाल नव्याने सुरू झाली, एकाच डोळ्यात दिसली किंवा सोबत उलट्या, तोल जाणे असेल तर.