पडलो नाही, तरी मणका मोडतो : घरातल्या वडीलधाऱ्यांची पाठ अशी जपूया

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. आमच्या शेजारच्या खाला घराची साफसफाई करत होत्या. गादी ओढायला वाकल्या आणि पाठीत जोराची कळ आली. पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत. घरच्यांनी बाम चोळला, शेक दिला. "वय झालं, कंबर धरली" म्हणत दोन महिने गेले. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा कळले, पाठीचा एक मणका दबून मोडला होता. त्या दोन महिन्यांत खाला बादल्या उचलत होत्या, खाली बसून भाकऱ्या थापत होत्या आणि पाचही वक्तची नमाज सजद्यासह पढत होत्या. आम्ही रोज खुशाली विचारत होतो, पण आमच्याही लक्षात आले नाही.

हा आजार म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे आतून पोकळ आणि ठिसूळ होणे. पाळी बंद झाल्यावर बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. म्हातारपणी पुरुषांनाही तो होतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त. हाड मोडेपर्यंत काही दुखत नाही, म्हणून कोणी तपासतही नाही.

आपल्याला वाटते हाड पडल्यावरच मोडते. पण ठिसूळ मणक्याला पाठ गोल करून पुढे वाकणे आणि त्याच अवस्थेत वजन उचलणे पुरेसे असते. वाकल्यावर सगळा भार मणक्याच्या पुढच्या भागावर येतो आणि तो दबतो. एक मणका मोडला की दुसरा मोडण्याची शक्यता वाढते. हळूहळू पाठीला पोक येते, उंची कमी होते. म्हणून कामे बंद करायची नाहीत, वाकण्याची पद्धत बदलायची.

घरात काय बदलावे?

• खालची वस्तू घेताना गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वस्तू अंगाजवळ धरा. वाकलेले असताना कमरेतून वळू नका.
• भरलेली बादली, गॅस सिलिंडर, तांदळाची गोणी घरातल्या तरुणांनी उचलावी. पाणी भरायचेच असेल तर अर्धी बादली.
• झाडू-पोछा लांब दांड्याचा घ्या. कपडे, भांडी, भाकरी ही कामे ओट्यावर किंवा स्टुलावर बसून करा.
• नातवाला जमिनीवरून उचलू नका. आधी आपण बसा, मग त्याला मांडीवर घ्या.
• बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने उठा.
• खोकला किंवा शिंक आली तर एक हात टेबलावर किंवा भिंतीवर टेका, पाठ ताठ ठेवा.
• एसटीत मागच्या सीटवर बसू नका, खड्ड्यांचे हादरे तिथे जास्त बसतात.
• वजूची जागा ओली असते. तिथे रबरी मॅट, धरायला दांडी आणि बसायला स्टूल ठेवा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा असू द्या.

नमाजचे काय?

खालांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच होता, "खुर्चीवर बसून पढली तर सवाब कमी होईल का?" आजाऱ्याला उभे राहणे जमत नसेल तर बसून, बसणेही जमत नसेल तर आडवे होऊन इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत दीनमध्येच आहे. हाडे ठिसूळ असलेल्या प्रत्येकाला सजदा बंद करावा लागतो असेही नाही. ज्यांचा मणका मोडला आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण वाकू नये. मसला मौलाना साहेबांना विचारा, पाठीचे डॉक्टरांना विचारा.

खाणे, ऊन आणि तपासणी

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एका ग्लास दुधात साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. दही, नाचणी, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळीही चांगली. ड जीवनसत्त्वासाठी गच्चीत किंवा अंगणात हातापायांना थोडे ऊन लागू द्या. रोज चाला. पायाची बोटे धरण्याचे आणि पोट आत घेऊन उठण्याचे व्यायाम टाळा.

डेक्सा नावाच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस धरतात. त्यावर औषधे आहेत. आठवड्याची गोळी असेल तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. रमजानमध्ये ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

अचानक पाठदुखी सुरू झाली किंवा उंची कमी झालेली दिसली तर एक्स-रे काढून घ्या. पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला तर लगेच दवाखाना गाठा.

खाला आता बऱ्या आहेत. नमाज खुर्चीवर पढतात आणि बादली त्यांचा नातू उचलतो. आपल्या अम्मीची, नानीची पाठ दुखत असेल तर "वय झालं" म्हणण्याआधी आज एकदा नीट विचारा, कळ कधी आली आणि तेव्हा काय उचलत होता?