लोण्यासारखी वर येणारी पेशी

बाकीच्या पेशी बशीच्या तळाशी बसतात. चरबीची पेशी बसत नाही. ताकावर लोणी यावं तशी द्रावणावर तरंगत येते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात, धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यात, सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या संशोधिकेची निम्मी सकाळ या तरंगण्याशी झटापट करण्यातच जाते. काचेच्या नळीचं टोक जवळ न्यावं, की पेशी अलगद बाजूला सरकते.

पाहायला आलेल्या पत्रकाराला इथवर आणलं होतं ते उंदरांनी. आयोवा विद्यापीठातल्या राजन साह यांच्या गटाने २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लठ्ठ उंदरांच्या चरबीतलं ‘स्वेल-वन’ नावाचं प्रथिन काढून टाकलं, तेव्हा पेशी लहान झाल्या, चरबी घटली. शुगर मात्र बिघडली! ‘वजन उतरवा, शुगर आपोआप उतरेल’ हे दवाखान्यातलं पालुपद वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला हे सहजी पचणारं नव्हतं.

स्वेल-वन हा पेशीच्या आवरणातल्या एका आयन चॅनेलचा मुख्य घटक. पेशी फुगली की हे चॅनेल उघडतं आणि क्लोराइडचे आयन ये-जा करू लागतात. हा प्रवाह मोजता येत होता, पण तो कुठल्या प्रथिनामुळे वाहतो याचा पत्ता बरीच वर्षं नव्हता. २०१४ साली कॅलिफोर्नियात आर्डेम पटापूशियन आणि बर्लिनमध्ये थॉमस येंच यांच्या गटांनी तो स्वतंत्रपणे लावला.

हा प्रवाह मोजण्यासाठी आधी पेशी मोकळ्या कराव्या लागतात. चरबीचा तुकडा कात्रीने बारीक करायचा, विकर घालून ३७ अंशांना हलवत ठेवायचा, गाळून घ्यायचा. तेवढ्यात खोलीभर एक कोमट वास पसरतो. लोणी कढवल्याचा नव्हे, खाटकाच्या दुकानातला.

खरं काम पुढे. नळीचं टोक साधारण एका मायक्रॉनचं, पेशी मात्र शंभर मायक्रॉनच्या घरातली, आणि तीही जवळजवळ सगळी तेलाचा एकच थेंब. जिवंत भाग म्हणजे भोवतीची पातळ साय. पेशीकेंद्रसुद्धा एका कडेला चेपलेलं. टोक जरा खोल गेलं की तेल आत शिरतं आणि नळी टाकून द्यावी लागते. संशोधिका नळीला जोडलेली रबरी ट्यूब ओठांत धरते आणि हलकेच हवा ओढते. पडद्यावरचा रोध चढू लागतो.

“शंभर कोटी,” ती म्हणते. शंभर कोटी ओहम, म्हणजे एक गिगाओहम. काच आणि आवरण इतकं घट्ट चिकटलं तरच पेशीतला क्षीण प्रवाह मोजता येतो. एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान यांना १९९१ चं नोबेल या तंत्रावर झालेल्या कामासाठीच मिळालं.

मग बशीत पातळ द्रावण सोडलं जातं. पेशी पाणी पिऊन फुगते आणि काही मिनिटांत पडद्यावरची रेघ रुंदावते. लठ्ठ माणसांच्या चरबीतून घेतलेल्या फुगीर पेशींतही हा प्रवाह वाढलेला आढळला आहे. म्हणजे आपण किती भरलो हे पेशीला कळतं. शिवाय स्वेल-वनचं आतलं टोक इन्शुलिनचा निरोप पुढे पोचवणाऱ्या साखळीत गुंतलेलं असतं. हे प्रथिन काढलं की निरोप मंदावतो आणि साखर रक्तातच रेंगाळते. चरबीला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. गोदाम लहान केलं म्हणून माल नाहीसा होत नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं २००४ सालचं ‘लॅन्सेट’मधलं छायाचित्र या संदर्भात आठवतं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. ते छायाचित्र आयन चॅनेलबद्दल नव्हतं, पण वजनकाट्यावरचा विश्वास त्यानेही डळमळीत केला.

स्वेल-वनचं चॅनेल सावरणारं एक रसायन २०२२ साली मधुमेही उंदरांत उपयोगी ठरलं. उंदरांत! अशा बातम्यांची सवय असलेली संशोधिका त्यावर फक्त खांदे उडवते आणि नवी नळी बसवते.

दुपारचे तीन. पुन्हा ट्यूब ओठांत. साठ कोटी, ऐंशी कोटी, नव्वद... आणि पेशी टोकावरून सुटून वर तरंगत जाते.