गंज नेमका कुठे धरतो? मॉडेल रेल्वेच्या वॅगन आणि गोदामं जुनी करताना

आज तुम्हाला समता कॉलोनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत घेऊन आलोय. टेबलावर दोन वॅगन आहेत. एक नवी कोरी, दुसरी मळकी. मळकीला नवीच्या तिप्पट वेळ लागला. आजचा विषय तोच.

फौजेत मोहिमेआधी सँड मॉडेल करतात. माती, लाकडाचा भुसा, रंगीत पूड, सुतळी घेऊन डोंगर, नाले, रस्ते जमिनीवर मांडायचे आणि त्यावर ब्रीफिंग द्यायचं. बरं दिसतं म्हणून त्यात एक झाडही लावायचं नाही. जवानाला उद्या जे खरोखर दिसणार, तेवढंच. निवृत्तीनंतर मॉडेल रेल्वेकडे वळलो, तेव्हा वाटलं होतं, हे आपल्याला येतंच. मग पहिली बॉक्सएन वॅगन केली. बॉक्सएन म्हणजे कोळसा नेणारी, वरून उघडी, आपण रोज फाटकावर पाहतो ती. तिला मी चारी बाजूंनी मस्त गंज चढवला. वॅगन दुरुस्तीच्या कामात उभी हयात काढलेले एक शेजारी चहाला आले होते. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "साहब, ये चली कब है? ये तो बस सड़ी है."

राग आला, पण बरोबर होतं. चाकं मी रंगवून टाकली होती. रुळावर घासणारा चाकाचा पृष्ठभाग चालत्या गाडीत आरशासारखा चकाकतो. तिथे गंज म्हणजे गाडी कित्येक दिवस हललेली नाही. चाकांच्या बाजू आणि खालचा सांगाडा मात्र ब्रेकच्या भुकटीने तपकिरी-काळा होतो. नंतर त्यांच्याबरोबर फाटकावर उभा राहून तासन् तास मालगाड्या पाहिल्या. वॅगनच्या भिंती आतून दाब खाऊन बाहेर फुगलेल्या असतात. भरताना-उतरवताना मशीनचा बकेट लागून वरची कड वाकते, तिथला रंग उडतो आणि गंजाची सुरुवात तिथून होते. मग पाऊस तो गंज खाली ओढतो. त्यामुळे ओघळ नेहमी वरून खाली, वरच्या टोकाला गडद आणि खाली पुसट. आडवा ओघळ दिसला की समजावं, माणसाने वॅगन आडवी धरून रंगवली आहे. मीही धरली होती.

आतली बाजू तर वेगळीच गोष्ट सांगते. कोळशाच्या वॅगनचा तळ घासून गुळगुळीत आणि कोपऱ्यांत काळी भुकटी. दल्ली राजहराहून भिलाईला जाणारं लोहखनिज असेल तर सगळीकडे लालसर धूळ. ही लाली आणि गंजाची लाली एक नव्हे. खनिजाची धूळ जांभळट लाल आणि सपाट, ती कडेवर साचते. गंज नारिंगी-तपकिरी, तो खरवडलेल्या जागी उठतो. दोन्हींना एकच डबी वापरलीत तर छत्तीसगडचा माणूस लगेच ओळखेल.

गंज किती लावायचा, याचं उत्तर वॅगनवरच लिहिलेलं असतं. भारतीय वॅगनचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा-सहावा बनवल्याच्या वर्षाचे. म्हणजे तिथे १२ असेल तर वॅगन २०१२ ची. त्यावर दोन वर्षांची धूळ दाखवायची की पंधरा वर्षांची, हे आधी ठरवा. आणि दुरुस्तीनंतर तारखा लिहायला जो ताज्या रंगाचा चौकोन मारतात, तो विसरू नका. मळक्या अंगावरचा तो स्वच्छ चौकोन मला फार आवडतो.

आता पद्धत. प्लास्टिकची चमक आधी मारायची, मॅट वार्निशचा एक हात. एक भाग गडद तपकिरी अॅक्रिलिक, आठ-दहा भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. त्या थेंबाने रंग कोपऱ्यांत आपोआप उतरतो. सुकल्यावर भांड्यांच्या स्पंजचा बारीक तुकडा रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून काढा आणि उरलेल्याने कडांवर टिपा. शेवटी चित्रकलेच्या सॉफ्ट पेस्टलची पूड ब्लेडने खरवडून कोरड्या ब्रशने धूळ. वरून वार्निश मारलं की पूड निम्मी दिसेनाशी होते, म्हणून थोडी जास्त लावा. रंग डबीतल्यापेक्षा फिका घ्या. लांबून पाहिलेली मोठी वस्तू फिकी दिसते, आणि मॉडेल आपण लांबूनच पाहत असतो.

मापाचंही जरा बोलू. जगात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७. त्यात बॉक्सएन कपलरपासून कपलरपर्यंत सुमारे १२३ मिलिमीटर भरते. अडचण रुळांची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलात १९.३ हवा, आणि बाजारात मिळतो १६.५ चा. सगळे तडजोड करतात, मीही केली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. नातवाला घेऊन गेलो होतो. गाड्या धावू लागल्यावर रुळांच्या रुंदीची आठवण कुणाला राहते!

पण माझा जीव अडकलाय आमच्या छोट्या लाइनीत. रायपूर-धमतरी आणि अभनपूरहून राजिमला फाटा, अडीच फुटी नॅरोगेज, बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागा, ८.८ येतात. एन गेजचा तयार रूळ ९ चा. जवळजवळ नेमका! ब्रॉडगेजला न मिळालेलं सुख इथे मिळतं. फक्त लाइन राहिली नाही. शहरातल्या तिच्या जागेवरून आता एक्सप्रेसवे जातो, आणि तिथे काय काय उभं होतं ते मी वेळेवर मोजून ठेवलं नाही.

माझ्याकडे एकच फोटो आहे. माघ पौर्णिमेला राजिमच्या जत्रेला निघालेलो, एका मालगोदामासमोर आई उभी. आईची उंची पाच फूट. १:८७ मध्ये साडेसतरा मिलिमीटर. तीच माझी मोजपट्टी. दार आईच्या किती पट, पत्र्याची कड कुठे, असं करत अख्खं गोदाम पुठ्ठ्यावर उतरवलं. फोटोत मागची भिंत नाही, ती मी बिनखिडकीची ठेवली. ठाऊक नाही ते रचायचं नाही, सँड मॉडेलची सवय.

पन्हाळी पत्र्याच्या दोन लाटांत तीन इंच अंतर असतं, म्हणजे मॉडेलात एक मिलिमीटरलाही कमी. बारीक कंगव्यावर स्वयंपाकघरातली फॉइल घासली की पत्रा तयार. भिंतीला पाऊस दोन ठिकाणी लागतो. पागोळीची माती जमिनीपासून फूटभर उडते, म्हणून पायथ्याशी साडेतीन मिलिमीटरचा लाल पट्टा. आणि ज्या बाजूने झड येते, तिथे काळं-हिरवं शेवाळ. चारही भिंती सारख्या मळवू नका.

गोदाम झालं. समोर साडेसतरा मिलिमीटरची आईही उभी केली आहे, पण तिला रंग दिलेला नाही. फोटो काळा-पांढरा. मला साडी निळी आठवते, ताई फोनवर ठामपणे सांगते, हिरवी होती. ती दिवाळीला नागपूरहून येईपर्यंत आई राखाडीच.