सुईचा भार किती असावा?
सुईचा भार (ट्रॅकिंग फोर्स) म्हणजे रेकॉर्ड वाजताना सुई तबकडीच्या खाचेवर देत असलेला दाब. तो ग्रॅममध्ये मोजतात. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असा समज आहे. तो स्वाभाविक असला तरी बरोबर नाही. शिलाई मशीनवर कापडाला पुरेसा दाब नसेल, तर ते सरकते आणि टाका चुकतो. तशीच फार हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेत उडते. स्वर फाटतो, खाचेच्या भिंतींना इजा होते. अतिभारानेही झीज वाढते. म्हणून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेला भाग) उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी. अनेकदा ती सुमारे १.५ ते २.५ ग्रॅम असते. आधी कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या (टोनआर्म) मागचे वजन फिरवून ती आडवी तोलावी, मग भार द्यावा आणि छोट्या वजनकाट्यावर तपासावा.