मैलामागे किती?

मोटार म्हणजे चैन, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. इंग्लंडात घरोघर जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या बाबतीत ती साफ खोटी ठरते. सकाळी एका आजोबांना अंघोळ घालायची, तेथून चार मैलांवरच्या आजीबाईंना औषध द्यायचे, पुढे तिसऱ्या घरी न्याहारी. खेड्यापाड्यांत हे बसने साधत नाही. म्हणून मोटार तिची, पेट्रोल तिचे आणि विमाही तिचाच. तोही साधा चालत नाही, कामासाठी गाडी वापरण्याचा उतरवावा लागतो.

ह्या खर्चापोटी मालक मैलामागे भत्ता देतो. घोटाळा आहे तो त्याच्या दरात. ब्रिटिश करखात्याने 2011 साली वर्षातील पहिल्या 10,000 मैलांचा दर 40 पेन्सांवरून 45 पेन्सांवर नेला. हा किमान भत्ता, असे अनेकांना वाटते. वास्तविक ती करमाफीची मर्यादा आहे. तेवढा भत्ता दिला तर त्यावर कर नाही, इतकाच तिचा अर्थ. तो दिलाच पाहिजे असे बंधन मालकावर नाही.

ह्याच दराने आपण हिशेब करून पाहू. समजा, मालक 25 पेन्स देतो आणि दिवसाला 30 मैल होतात. बाईच्या हाती साडेसात पौंड येतात. 45 पेन्सांनी साडेतेरा आले असते. ही 6 पौंडांची तफावत करखात्याकडे दाखवता येते खरी, परंतु परत मिळतो तो त्या 6 पौंडांवरचा कर. 20 टक्क्यांनी 1 पौंड 20 पेन्स. बाकीचे 4 पौंड 80 पेन्स पदरचेच गेले! आणि जिची वर्षाची मिळकत 12,570 पौंडांच्या आत आहे, ती करच भरत नाही. तिला एवढेही मिळत नाही. ज्या सवलतीची गरज गरिबाला, ती गरिबालाच नाकारणारा हा हिशेब आम्हांला तरी पटत नाही.

कायद्याचा थोडा आधार आहे. दोन घरांमधील प्रवासाचा वेळ किमान वेतनासाठी कामात धरतात. स्वतःच्या घरापासून पहिल्या घरापर्यंतचा मात्र नाही. शिवाय कामापायी झालेला, न भरून मिळालेला खर्च वजा जाता उरलेली मजुरी किमान वेतनाखाली उतरता कामा नये. पण हे दाखवायचे कशाने? तारीख, कोठून कोठे आणि किती मैल, एवढे रोज टिपलेले असेल तर मागील चार करवर्षांपर्यंतची सवलतही मागता येते. आपल्याकडची कोणी लेक त्या कामावर असेल, तर पुढच्या पत्रात तिला विचारा, गाडीत वही ठेवली आहेस का?